बरणीराजा

"बाई, पुस्तक कोणतंबी सुचवा, पण जाड पाहिजे," मुख्याध्यापक गुरुलिंग सर म्हणाले. "अण्णाचं वजन तर तुमाला माहीतच हाय."

स्टाफरूममध्ये हशा झाला. राजकन्याबाई नववीचे निबंध तपासत होत्या. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि मान वर केली.

"कशासाठी, सर?"

"अण्णाची एकसष्टी न्हाई का पुढच्या महिन्यात! ग्रंथतुला करायचं ठरलंय. एका पारड्यात अण्णा, दुसऱ्यात पुस्तकं. मोंढ्यातून सोयाबीनचा मोठा काटा आणायलेत. मागच्या साली वह्यांची तुला केली, तर पेपरवाल्यानं आतल्या पानावर टाकलं. पुस्तकं म्हणल्यावर बघा कसं पुढं येतंय. अन् तुला झाली की तीच पुस्तकं लेकरांना वाटायची. आठवी ते दहावी, प्रत्येकाला एक. तुमाला पुस्तकातलं कळतंय म्हणून तुमच्याकडं आलो."

अण्णा म्हणजे भगवानराव, संस्थेचे अध्यक्ष. अहमदपुरातली ही शाळा त्यांची, जळकोटची शाखा त्यांची, लातूरला नव्यानं निघालेली ट्युशनची अकॅडमीही त्यांचीच.

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मैदानाच्या टोकाला, झेंड्याच्या ओट्यावर परिपाठाचा माईक उभा होता. शिपाई त्याची वायर गुंडाळत होता.

"एक आहे," त्या म्हणाल्या. "'आवाजांची गढी.' कादंबरी आहे. याच वयाच्या लेकरांसाठी लिहिलेली. जादू आहे, लढाई आहे. चांगली जाड आहे."

"कशावर हाय?"

"एका राजाची गोष्ट आहे."

"मग तर लई झकास! अण्णाला राजाच म्हणतेत की लोक." सर खूश होऊन उठले. "तुमी वाचलीय न्हवं?"

"वाचलीय."

"मग बास. आता आमाला वाचायला लावू नका."

बाई पुन्हा निबंधांकडे वळल्या. लाल पेनाचं टोपण काढलं, पण पुढचा निबंध उघडला नाही. फार दिवस झाकून ठेवलेल्या गोष्टीवरचं झाकण आज दुसऱ्याच माणसानं आपणहून उघडून दिलं होतं.

ते पुस्तक त्यांना नांदेडला एका प्रदर्शनात मिळालं होतं. परतीच्या एसटीत वाचायला घेतलं, आणि लोहा कधी मागं गेलं ते त्यांना कळलंही नाही. कादंबरीत एक बरणीराजा होता. तो राज्यातल्या लेकरांचे आवाज काढून घ्यायचा आणि लोणच्याच्या बरण्यांत भरून, वर फडकं बांधून गढीत ठेवायचा. दरबार भरला की एक बरणी उघडायची आणि त्या आवाजात त्याची स्वतःची मुलगी गायची. सगळे टाळ्या वाजवायचे. ज्या पोरीचा आवाज होता, ती रानू नावाची कुंभाराची पोर, मुकी होऊन दारात उभी असायची. गाडी अहमदपूरच्या स्टँडवर थांबली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली, तरी बाई उठल्या नव्हत्या.

कारण त्यांच्यापुरती ती गोष्ट जादूची नव्हती. ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

पुनम तेव्हा दहावी 'ब'मध्ये होती. शाळेतला तेव्हाचा शिपाई शेषेराव याची मुलगी. अंगानं किरकोळ, पण गोष्ट सांगायला उभी राहिली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा खोड्या विसरायची. बाईंच्या शनिवारच्या तासाला तिनं स्वतःच रचलेली एक गोष्ट सांगितली होती. विहिरीत पडलेल्या चंद्राला पोहायला शिकवणाऱ्या कासवाची. दर शनिवारी ती गोष्ट थोडी वाढायची. कासव म्हातारं व्हायचं, चंद्र काही शिकायचा नाही.

जिल्ह्याची कथाकथन स्पर्धा आली. बाईंनी पुनमचं नाव दिलं. लातूरला गेली ती अण्णांची मुलगी शिल्पा, पुनमच्याच वर्गातली. गोष्ट सांगितली ती कासवाचीच. पहिला नंबर आला. सोमवारी परिपाठात ढाल दाखवली, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या थांबल्यावर रांगेतून आवाज आला, "ती गोष्ट माझी हाय."

अण्णा तिथंच होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी शेषेरावला ओट्याजवळ बोलावून उभं केलं. त्याची नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. मग पुनमला वर बोलावलं आणि माईक तिच्या उंचीला खाली केला. "पोरी, खोटं बोललं की कबूल करावं. बोल."

पुनमनं एकदा बापाकडं पाहिलं.

"मी खोटं बोलले," ती माईकवर म्हणाली.

सगळी शाळा ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. बाई अण्णांच्या ऑफिसात गेल्या, भांडल्या, लेखी तक्रार दिली. उत्तर म्हणून त्यांची बदली जळकोटच्या शाखेत झाली. बरीच वर्षं तिथं काढून, निवृत्तीला थोडे महिने उरले असताना, त्या परत या शाळेत आल्या होत्या. येताना त्यांनी कोणाशी काही वाद काढला नाही. सगळ्यांना वाटलं, बाई निवळल्या.

ग्रंथतुलेच्या दिवशी मैदानात मांडव होता. काट्याच्या एका पारड्यात गादी अंथरून झेंडूच्या माळा लावल्या होत्या. अण्णा पांढऱ्या कपड्यांत त्यात बसले, तेव्हा साखळ्या करकरल्या. दुसऱ्या पारड्यात दहावीची मुलं पुस्तकांचे गठ्ठे रचत होती. पारडं काही हलेना.

"अजून टाका रे!" गुरुलिंग सर माईकवरून म्हणाले. "अण्णा काय साधंसुधं माणूस हाय का?"

"अण्णा, पाय उचलून धरा वर," गर्दीतून कोणीतरी म्हणालं, आणि अण्णाही हसले.

प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर अण्णांचा रंगीत फोटो चिकटवला होता. हात जोडलेले, खाली सोनेरी अक्षरांत 'एकसष्टीनिमित्त सप्रेम भेट'. फोटो आणि कागद दोन्ही गुळगुळीत, महागाचे. चिकटवणाऱ्यांपैकी कोणीही पुढचं पान उलटलं नव्हतं.

शेवटी काटा बरोबर झाला. टाळ्या झाल्या. मग सरांनी राजकन्याबाईंना पुस्तकाविषयी दोन शब्द बोलायला सांगितलं.

बाईंनी जन्मभर मुलांना पुस्तकं सांगितली होती. त्यांची एक रीत होती. 'वाचा, चांगलं आहे' असं त्या कधीच म्हणायच्या नाहीत. गोष्ट सांगत सांगत अशा जागी यायचं की मुलांचा श्वास अडकेल, आणि तिथं पुस्तक मिटून तास संपवायचा. बाकीचं काम मुलं करतात.

त्या माईकसमोर उभ्या राहिल्या. पलीकडे अण्णा अजून पारड्यातच, फोटोसाठी बसले होते.

"लेकरांनो, या गोष्टीत रानू नावाची मुलगी आहे," त्यांनी सुरुवात केली. "ती रोज संध्याकाळी पारावर गाणं म्हणते. एके दिवशी सकाळी ती उठते, आईला हाक मारायला तोंड उघडते, आणि तोंडातून काहीच येत नाही. घसा दुखत नाही. ताप नाही. फक्त आवाज नाही. ती घाबरून घराबाहेर पळते. सगळं गाव गढीकडं चाललेलं असतं. तीही जाते. गढीचा दरवाजा उघडतो. आत कोणीतरी गात असतं. रानू ऐकते, आणि तिच्या अंगावर काटा येतो. कारण तो आवाज..."

त्या थांबल्या. मैदानात कोणी हलत नव्हतं.

"पुढचं तुम्ही वाचा," त्या म्हणाल्या. "एकच सांगते. हे पुस्तक एकट्यानं मनात वाचायचं नाही. रात्री जेवणं झाली की घरी मोठ्यांना वाचून दाखवायचं. आईला, बापाला, मोठ्या बहिणीला. त्यांना अशा गोष्टी कोणी सांगत नाही आता."

अण्णांनी पारड्यातून मान डोलावली. "वा, बाई! संस्कार म्हणतेत ते हेच."

मोठ्यांना वाचून दाखवा, हे बाईंनी फार विचार करून ठरवलं होतं. आजच्या मुलांना पुनम माहीत नव्हती. पण त्यांच्या मोठ्या बहिणी, चुलते, काही जणांच्या आयासुद्धा त्या सोमवारी त्याच मैदानात रांगेत उभ्या होत्या. त्यांना फक्त आठवण करून द्यायची होती.

आठवडाभर काहीच झालं नाही. बाई थांबल्या. थांबणं त्यांना चांगलं जमत होतं.

मग एका दुपारी नववीतली वर्षाराणी वर्गाबाहेर घुटमळत उभी राहिली.

"बाई, एक विचारू का? मी घरी वाचून दाखवायले पुस्तक. दरबाराचं पान आलं अन् माझी ताई रडायलीच. म्हणली, हे तर आमच्या पुनमचं झालं. पुनम कोण हाय, बाई?"

"ताईनं सांगितलं नाही?"

"सांगितलं. सगळंच सांगितलं. पण मला वाटलं, तिनं बनवून सांगितलं."

"तुझी ताई बनवून सांगणारी नाही," बाई म्हणाल्या. "माझ्याच हाताखाली शिकली ती."

यापलीकडं त्यांनी एक शब्द सांगितला नाही. गरजही नव्हती. पुढच्या दिवसांत शाळेच्या मुतारीच्या भिंतीवर कोळशानं बरणी काढलेली दिसली. अण्णांची गाडी गेटातून आत आली की मुलं एकमेकांना कोपरानं ढोसत आणि गळ्यावर हात ठेवत. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, "बरणीराजा आला का रे लातूरहून?" आणि तिथं बसलेली मोठी माणसं खाली बघून हसली. दोन-तीन घरांतून तर मुलांच्या आयांनीच पुस्तक मागून घेतलं. "आधी मला वाचू दे, मग तू."

अण्णांचा नातू सत्यम आठवीत होता. मधल्या सुट्टीत तो बाईंकडे आला. त्याच्या हातात तेच पुस्तक होतं.

"बाई, माझे आज्जोबा बरणीराजा हायत का?"

बाईंनी या प्रश्नाची तयारी केली नव्हती. बाकी सगळ्याची केली होती.

"वाचून झालं का पुस्तक?"

"हाव. दोनदा."

"मग तुला काय वाटतं?"

"मी जेवताना आज्जोबाला विचारलं, पुनम कोण हाय म्हणून. ते ताटावरून उठून गेले. शिल्पाआत्या रडायली." त्यानं ओठ चावला. "मी चुकलो का, बाई?"

"नाही. विचारणारा चुकत नसतो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या पोराचा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून त्या थांबल्या नाहीत. पुनमही तेव्हा लेकरूच होती.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून बोलावणं आलं. अण्णा खुर्चीत होते, गुरुलिंग सर बाजूला उभे. टेबलावर 'आवाजांची गढी' पालथी पडली होती. पुस्तक मधोमध उघडून वाचल्याची खूण कण्यावर दिसत होती.

"तुमी माझ्या पैशानं माझीच इज्जत काढली, बाई," अण्णा हळू आवाजात म्हणाले.

"मी पुस्तक सुचवलं, अण्णा. निवड संस्थेनं केली. फोटो संस्थेनं लावला."

"सर, उद्याच्या उद्या समदी पुस्तकं जमा करा."

गुरुलिंग सर चाचरले. "अण्णा, कसं करावं? पेपरात फोटो आलाय. लेकरांना वाटलेलं परत घ्यायचं म्हणलं तर काय सांगून घ्यायचं? लोक म्हणतील, त्यात असं हाय तरी काय. ज्यानं वाचलं न्हाई त्योबी वाचंल."

"छपाईत चूक हाय म्हणा!" अण्णांनी टेबलावर हात आपटला आणि बाईंकडं वळले. "तुमची पेन्शनची फाईल माझ्या सहीला पडलीय, बाई. ध्यानात हाय ना? सरळ सांगा, तुमाला काय पाहिजे?"

"मला काही नको. पुनमला त्या माईकवर जे बोलायला लावलं, ते त्याच माईकवर तुम्ही परत घ्या."

"एका शिपायाच्या पोरीसाठी?"

"हो."

अण्णा हसले. "उद्या परिपाठाला मीच येतो. बघू कोणाचं लेकरू पुस्तक देत न्हाई ते."

सकाळी राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. अण्णा ओट्यावर चढले. पुस्तकाच्या छपाईत चुका राहिल्या आहेत, ती बदलून दुसरी देणार आहोत, तरी प्रत्येकानं पुस्तक पुढं आणून द्यावं, असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. गुरुलिंग सर दहावीच्या रांगेसमोर पोतं घेऊन उभे राहिले.

"आण रे पुस्तक."

"हरवलं, सर," पहिला मुलगा म्हणाला.

"तुझं?"

"हरवलं, सर."

"तुझं गं?"

"माझं म्हशीनं खाल्लं, सर."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. रांग संपली, दुसरी रांग आली. कोणाचं बसमध्ये राहिलं होतं, कोणाचं मामानं नेलं होतं, बहुतेकांचं नुसतंच हरवलं होतं. पोतं रिकामंच पुढं सरकत होतं. आठवीच्या रांगेत सर सत्यमसमोर आले आणि थांबले. त्यांनी ओट्याकडं पाहिलं. सत्यमची बॅग फुगलेली होती. पुस्तकाचा कोपरा चेनमधून बाहेर दिसत होता.

"हरवलं," सत्यम म्हणाला. आजोबांकडं न बघता.

अण्णांनी माईकचा दांडा घट्ट पकडला. "लाज वाटत न्हाई? खोटं बोलायलाव समदे!"

तेव्हा नववीच्या रांगेतून वर्षाराणी पुढं आली. तिचा आवाज बारीक होता, पण मैदानात इतकी शांतता होती की माईकची गरज पडली नाही.

"अण्णा, कासवाची गोष्ट कोणाची हाय?"

अण्णांनी गुरुलिंग सरांकडं पाहिलं.

"पुनमची हाय," वर्षाराणीनंच सांगितलं.

"पुनमची हाय," तिच्या मागची पोर म्हणाली. मग रांगेतून तेच पुढं जात राहिलं, ओरडून नाही, हजेरीला 'हजर' म्हणावं तसं. गेटापाशी मुलांना सोडायला आलेल्या बायका उभ्या होत्या. त्यांतल्याही एकीनं म्हटलं. कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात असंच होतं: आवाज कोणाचा ते भर दरबारात सांगितलं की बरणी फुटते, आणि चोरणाऱ्याचा घसा कोरडा पडतो.

अण्णांनी बोलायला तोंड उघडलं. माईकमधून फक्त त्यांचा श्वास ऐकू आला, सगळ्या मैदानाला, मोठा आणि ओढलेला. दोन वेळा त्यांनी प्रयत्न केला. मग ते ओट्यावरून उतरले. गाडीपर्यंत त्यांच्याबरोबर कोणी गेलं नाही.

राजकन्याबाई शिक्षकांच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांनी हसू लपवलं नाही. किती वर्षांनी त्यांना पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

त्या रविवारी त्या लातूरला गेल्या. ट्युशन एरियात सिद्धम्मामावशीची मेस होती. डॉक्टर व्हायला आलेल्या मुलांचे डबे तिथं भरले जात. मागच्या बाजूला, मोठ्या गॅसपाशी पुनम पोळ्या लाटत बसली होती. तिनं बाईंना पाहिलं आणि पिठाच्या हातानंच नमस्कार केला.

"बाई! वाळल्याव किती. बसा की. ओ मावशी, चहा टाका, माझ्या बाई आल्यात!"

बाईंनी सगळं सांगितलं. तुला, पुस्तक, पोतं, वर्षाराणी. पुनम ऐकत होती. लाटणं थांबलं नव्हतं.

"बोलले का मग ते?" तिनं विचारलं.

"नाही. आवाजच फुटला नाही."

"बरं झालं." तिनं पोळी तव्यावर टाकली. "कुठं लपायलाबी जागा नसंल सापडली."

"सगळ्यांच्या समोर होता."

"मीबी सगळ्यांच्या समोरच होते." पुढचा गोळा पोळपाटावर ठेवून ती बापाविषयी म्हणाली, "दादांना सांगायला पाहिजे. आता हॉस्टेलच्या गेटवर असतेत ते. संध्याकाळी सांगते. अन् तुमची पेन्शन?"

"सही राहिलीय. देईल तेव्हा देईल."

बाईंनी पिशवीतून एक प्रत काढून तिच्यापुढं धरली. पुनमनं हात पुसले, पुस्तकाचं वजन हातानं अजमावलं, पहिलं पान उघडलं. अण्णा हात जोडून तिच्याकडं बघत होते.

शेजारच्या गॅसवर भाताचं मोठं पातेलं उकळत होतं. तिनं झाकण जरा सरकवलं आणि पुस्तकाचं ते एकच पान वाफेवर धरलं. घाई केली नाही. फोटोची कडा सुटली तशी नखानं अलगद उचलत गेली. पान कुठं फाटलं नाही. अण्णांचा फोटो अख्खा हातात आला, तो तिनं बटाट्याच्या सालींच्या बादलीत टाकला आणि पदरानं पान टिपलं.

"पेन हाय का, बाई? नाव टाकते."

बाईंनी पर्समधलं पेन दिलं. पुनम मांडीवर पुस्तक घेऊन बसली. फार दिवसांत लिहिलं नसल्यासारखी अक्षरं सावकाश आली. दमट कागदावर शाई थोडी पसरली. तिनं लिहिलं, 'कु. पुनम शेषेराव', आणि त्याखाली, हाताच्या सवयीनं, 'इयत्ता दहावी ब'.

तव्यावरची पोळी करपायला लागली, म्हणून ती उलटायला उठली. बाईंनी ते पान पाहिलं. दुरुस्त करायला सांगितलं नाही.